मुलांच्या भीतीचा इतिहास : गाईडमध्ये न सापडलेला पीटर

बी.एड.ला असताना शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास येई : अभिजात अभिसंधान उदाहरणासह स्पष्ट करा. आम्ही सगळे पाव्हलॉव्हचा कुत्रा, घंटा आणि लाळ लिहायचो. ज्याला दोन गुण जास्त हवे असत, तो पुढे वॉटसनचा अल्बर्ट जोडायचा. मीही जोडला होता आणि मला गुण चांगले मिळाले. पण पुढे भीतीने थिजलेले एक मूल माझ्याच वर्गात समोर उभे राहिले, तेव्हा ते गुण काही कामाला आले नाहीत.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमची मुले घरी दखनी बोलतात. मराठी ही त्यांच्यासाठी बाजारातली, एस.टी. स्टँडवरची भाषा. काही वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, वहीत खाडाखोड नाही. मात्र मराठीच्या प्रकट वाचनाचा दिवस आला की तिच्या पोटात दुखायचे. सुरुवातीला मी घरी पाठवत असे. मग मला वाटू लागले की ही बहाणे करते. एके दिवशी मी तिला उभे केले. ती पहिल्या ओळीतच अडखळली, 'ळ'चा 'ल' झाला, आणि मी म्हणालो, "अगं, पुस्तक काय वाघ आहे का, खाणार आहे तुला?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. अकराव्या दिवशी तिची अम्मी आली. म्हणाली, "सर, डॉक्टर बोले पेट में कुछ नहीं. नजर उतारी, दम करवाया. रात कू नींद में से उठ के बैठती. स्कूल का नाम लिये तो हाथपाँव थंडे पड़ते."

त्या रात्री मी बी.एड.चे जुने गाईड काढले. त्यात अल्बर्ट होता. त्याच्यानंतर काय, ते नव्हते. ते शोधताना जे वाचले, ते आज इथे मांडतो आहे. कारण हा इतिहास आपल्या वर्गातून आणि घरांतून जातो.

भीती घडवणारा प्रयोग

1920 साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर या दोघांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्बर्ट नावाने ओळखले जाणारे बाळ अकरा महिन्यांचे होते. त्याला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. त्याने उंदराला हात लावला की मागे पोलादी गजावर हातोडा मारला जाई. काही वेळा असे झाल्यावर बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागले, दूर सरकू लागले. पुढे ते सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागले. भीती एका वस्तूवरून दुसरीवर पसरली.

भीती शिकवता येते, हे या प्रयोगाने दाखवले. पण ती उतरवण्याआधीच बाळ दवाखान्यातून गेले. संशोधकांनी एका बाळाला घाबरायला शिकवले आणि तसेच सोडून दिले. आज असा प्रयोग कोणी करू शकणार नाही, आणि ते योग्यच आहे.

माझे गाईड इथे संपत होते. त्यातून मी काय शिकलो होतो? भीती कशी घडते, एवढेच. शिवाय माझ्याच वर्गात मी गजावर हातोडा मारला होता, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पुस्तक, उभे राहणे आणि चाळीस मुलांचे हसू यांची गाठ मीच बांधली होती.

पीटर आणि ससा

वॉटसनचे एक व्याख्यान मेरी कव्हर जोन्स नावाच्या विद्यार्थिनीने न्यूयॉर्कमध्ये ऐकले होते. तिच्या मनात साधा प्रश्न आला : भीती घालता येते, तर काढताही येईल का? न्यूयॉर्कमधल्या एका बालसंगोपन संस्थेत तिने त्याचे उत्तर शोधले आणि 1924 साली ते प्रसिद्ध केले.

पीटर पावणेतीन वर्षांचा होता. त्याला सशाची भीती होती. उंदीर, केसाळ कोट, पिसे, कापूस यांनाही तो घाबरे. अल्बर्टला जे शिकवले गेले, ते पीटरकडे आधीच होते. बाईंनी काय केले? पीटरला खेळायला बसवले. सोबत अशी मुले बसवली, ज्यांना सशाची भीती नव्हती. ससा पिंजऱ्यात, खोलीत कुठेतरी. तेवढे सहन झाल्यावर पिंजरा बारा फुटांवर. मग चार फुटांवर. मग तीन. मग अगदी जवळ. मग ससा मोकळा.

मध्येच पीटरला आरक्त ज्वर झाला आणि तो जवळजवळ दोन महिने दवाखान्यात राहिला. परत निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. झाले, सगळी भीती परत. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी पीटर उंच खुर्चीवर आवडीचा खाऊ खात बसे आणि ससा हळूहळू जवळ आणला जाई. त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही, इतक्याच वेगाने. बाईंनी एक इशाराही नोंदवून ठेवला आहे : ससा घाईने जवळ आणलात तर सशाची भीती जाणार नाही, उलट खाऊचीच भीती बसेल. अखेर पीटरने सशाला आपली बोटे कुरतडू दिली.

त्याच वर्षी त्यांचा दुसरा लेख आला. सुमारे 70 मुलांना पाहून भीती घालवण्याच्या निरनिराळ्या रीती त्यांनी तपासल्या होत्या. शिक्षक म्हणून मी हा भाग दोनदा वाचला, कारण त्यातल्या बहुतेक रीती आम्ही रोज वापरतो.

पहिली रीत, वाट पाहणे. "मोठं झालं की जाईल." नुसती वाट पाहून भीती जाईलच, याचा भरवसा दिसला नाही. दुसरी, समजूत घालणे. एका मुलीशी रोज दहा मिनिटे, आठवडाभर, सशाबद्दल गोड गोष्टी बोलल्या गेल्या. ती गोष्टी छान ऐके, पण खरा ससा दिसताच पुन्हा घाबरली. तिसरी, चिडवणे, हसणे, लाज आणणे. त्याने भीती घटली नाही, उलट ती अधिक पक्की होण्याचा धोका दिसला. लक्ष दुसरीकडे वळवण्याचा उपयोग होई, पण तेवढ्यापुरताच. नि:संशय फळ दिले ते दोनच रीतींनी : आवडती गोष्ट चालू असताना भीतीची वस्तू थोडी थोडी जवळ आणणे, आणि न घाबरणाऱ्या सोबत्याकडे पाहून शिकणे.

तिसऱ्या रीतीपाशी मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो.

या संशोधनाकडे पुढे अनेक वर्षे कोणी फारसे पाहिले नाही. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी 1958 साली आपल्या ग्रंथात मोठ्या माणसांसाठी याच वाटेचा उपचार मांडला, तेव्हा तिची किंमत कळली. वोल्पे यांनी मेरी कव्हर जोन्स यांना वर्तनोपचाराची आई म्हटले.

बल्खचा मास्तरपुत्र

पीटरची ही गोष्ट मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा अरबी जाणणारे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ये तो बल्खी लिख चुके हैं." मला खरे वाटले नाही. पण बोलणे खोटे नव्हते.

अबू झैद अल-बल्खी यांचा जन्म साधारण 850 साली बल्खजवळच्या एका गावात झाला. बल्ख आज उत्तर अफगाणिस्तानात आहे. त्यांचे वडील मुलांना शिकवणारे मास्तर होते. बल्खी इराकला गेले, तत्त्वज्ञ अल-किंदी यांचे शिष्य झाले, भूगोल आणि नकाशांसाठीही नावाजले. 934 साली ते वारले. त्यांच्या एका ग्रंथाचे दोन भाग आहेत, एक शरीराच्या आरोग्याचा आणि दुसरा मनाच्या. या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती इस्तंबूलमध्ये जपल्या गेल्या. मनाच्या भागाचा इंग्रजी अनुवाद सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी केला आणि तो 2013 मध्ये आला.

राग, भीती, दु:ख आणि मनात घोळत राहणारे विचार, असे वेगवेगळे त्रास बल्खी वेगवेगळ्या प्रकरणांत घेतात. भीतीबद्दल ते वाळवंटातल्या माणसाचा दाखला देतात. त्याने धुके कधी पाहिलेले नसते. दुरून त्याला ती भिंत वाटते. आत शिरल्यावर कळते की ही तर नुसती ओलसर हवा. ज्याची भीती वाटते, ते वारंवार पाहण्याची आणि ऐकण्याची सवय मनाला लावावी, असा त्यांचा सल्ला आहे. दुसरा सल्ला मला फार आवडला : शहाणा माणूस अचानक लागणारी औषधे घरात आधीच ठेवतो, तसे मन शांत असताना धीराचे विचार साठवून ठेवावेत, म्हणजे घाबरल्या वेळी हाताशी येतात. आज ज्याला आपण प्रतिबंध म्हणतो, तो हाच.

इथे थोडे थांबू या. "हे सगळे आमच्याकडे आधीच होते" असे म्हणून छाती फुगवण्याची आपल्या लोकांना फार सवय आहे, मलाही आहे. बल्खी मोठ्या माणसांबद्दल लिहीत होते, लहान मुलांबद्दल नव्हे. त्यांनी मुलांना बसवून रीती तपासल्या नव्हत्या. ते काम जोन्सबाईंनी केले. शिवाय आपल्याकडे ज्ञान होते, तर आपल्या मकतबांत छडी का होती? इब्न खल्दून यांनी 1377 साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त एक पूर्ण प्रकरण आहे : शिकणाऱ्यांशी कठोर वागल्याने त्यांचे नुकसान होते. मारझोडीत वाढलेले मूल मनाने आकसते, आळशी होते आणि शिक्षेच्या भीतीने खोटे बोलायला शिकते, असे ते सांगतात. पोटदुखीचा बहाणा करणारे मूल त्यांनी सहाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. लहानपणी मकतबात सबक विसरलो की माझेही पोट दुखे. त्या वेळी ते खरेच दुखत असे, हे मी मोठेपणी विसरलो.

चिंताविकार म्हणजे काय

सर्वच भीती हा आजार नसतो. लहान बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते, चार वर्षांचे मूल अंधाराला घाबरते, दहावीचे मूल परीक्षेआधी अस्वस्थ होते. हे वाढीचे भाग आहेत. भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असेल, आठवडे-महिने टिकत असेल, आणि तिच्यामुळे शाळा, झोप, जेवण, खेळ अडत असेल, तर डॉक्टर तिला विकार म्हणतात. मुले "मला चिंता वाटते" असे म्हणत नाहीत. त्यांचे पोट दुखते, डोके दुखते, छाती धडधडते, वारंवार लघवीला जावे लागते.

1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत मुलांच्या चिंताविकारांना प्रथमच स्वतंत्र विभाग मिळाला. आईपासून दूर होण्याची अतोनात भीती त्यात नोंदली गेली. नाव मिळाल्यावर उपचारांची तपासणीही नीट होऊ लागली. फिलाडेल्फियातील फिलिप केंडॉल यांनी मुलांसाठी सोळा बैठकींचा एक कार्यक्रम केला. त्यात एक मांजर मुलांना चार पायऱ्या शिकवते : मी घाबरलो आहे का ते अंगावरून ओळखणे, मनात कोणते वाईट विचार आले ते पकडणे, मग काय करता येईल ते ठरवणे, आणि प्रयत्न केल्याबद्दल स्वतःला शाबासकी देणे. पुढच्या बैठकींत मूल खरोखरच्या भीतीला पायरी पायरीने सामोरे जाते. 1994 साली 47 मुलांवर घेतलेल्या चाचणीत, ज्यांना हा उपचार मिळाला त्यांतील 64 टक्के मुलांचा मूळ विकार उपचाराअखेर राहिला नव्हता. या पद्धतीला आज सीबीटी म्हणतात. तिच्या पोटात पीटरचा ससा आहेच.

2008 साली 488 मुलांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बैठकी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळाले त्यांतील सुमारे 81 टक्के मुले चांगली सुधारली, फक्त बैठकी मिळालेल्यांतील 60 टक्के, फक्त औषधाने 55 टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीने 24 टक्के. म्हणजे औषध हे पाप नव्हे. मात्र ते कोणत्या मुलाला, किती आणि कधीपर्यंत द्यायचे, हे डॉक्टरच ठरवतील, शेजारीण नव्हे. पुढच्या वर्षांत अनेक मुलांचा त्रास परतही आला. पीटरलाही कुत्रा भेटला होता. परत आला म्हणजे उपचार फुकट गेला असे नाही, पुन्हा बारा फुटांवरून सुरू करायचे.

आई-वडिलांची वाटणी

आपल्या घरांत दोन टोके दिसतात. अब्बा ओरडतात, "लडका होके डरता है?" अम्मी म्हणते, "जाने दो, मत भेजो." पहिल्याचे काय होते ते जोन्सबाईंनी सांगितले. दुसरे प्रेमातून येते, म्हणून त्याचा धोका उशिरा कळतो. मूल घाबरले की आपण त्याला त्या जागेपासून वाचवतो. त्याला तात्पुरते बरे वाटते आणि पळून जाणे हाच उपाय आहे हे ते शिकते. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी असते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात उपचाराच्या बैठकी फक्त आई-वडिलांच्या होत्या, मुलाची एकही नाही. "तुला भीती वाटते हे मला कळतं, आणि तुला हे जमेल याची मला खात्री आहे" अशा अर्थाचे बोलायचे आणि मुलासाठी केलेल्या सवलती हळूहळू कमी करायच्या, एवढे त्यांना शिकवले. मुलांशी थेट केलेल्या सीबीटीइतकाच त्याचा गुण आला.

प्रतिबंधाबद्दलही आशा आहे. 2015 साली 136 कुटुंबांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. या कुटुंबांत आई किंवा वडिलांना चिंताविकार होता, मुले मात्र अजून बरी होती. निम्म्या कुटुंबांना एकत्र बसवून आठेक आठवडे हीच कौशल्ये शिकवली. वर्षभरानंतर त्या गटातल्या 5 टक्के मुलांना विकार जडला होता, दुसऱ्या गटातल्या 31 टक्के मुलांना. भीती घराण्यात चालत येते खरी, पण ती नशिबात लिहिलेलीच असते असे नाही.

आपल्याकडे

हे सगळे परदेशातले, असे कोणी म्हणेल. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने 1936 साली समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने 1937 मध्येच मुलांच्या मानसिक अडचणींसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले. देशातले ते पहिले मानले जाते. त्याआधी भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मार आणि धाक यांशिवाय शिकवून दाखवले होते. ताराबाईंनी पुढे ते काम बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. वर्गाला हसवून मुलाला लाजवणे हा छळच आहे. मी कायदा मोडला होता, हे मला कायदा पाठ असूनही कळले नव्हते.

आज जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत बोलते. आपल्या वस्तीत मात्र "लोग पागल बोलेंगे" या भीतीने आई-वडील जात नाहीत. दुआ जरूर करावी. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून केलेल्या दुआने त्याला धीर येतो. पण पोट दुखले की आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या दुखण्यालाच फक्त दुआवर का सोडायचे?

आता त्या मुलीचे सांगतो. तिच्या घरी जाऊन मी तिच्या अम्मी-अब्बांसमोर तिची माफी मागितली. अब्बांनी जिल्ह्याच्या गावी नेऊन मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी सांगितले तशी आम्ही शाळेत शिडी बांधली. पहिला आठवडा ती फक्त वर्गात बसली, वाचायचे नाही. मग मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी, आवडीच्या मैत्रिणीला सोबत घेऊन, एक ओळ. मग दोघींनी मिळून चार ओळी. मग बाकावर बसूनच, वर्गात, एक वाक्य. वर्गाला मी आधीच सांगून ठेवले होते की त्या दिवशी मी चुकलो होतो. मध्ये सहामाही परीक्षा आली आणि पोटदुखी परतली. आम्ही दोन पायऱ्या खाली उतरलो आणि पुन्हा चढलो.

फेब्रुवारीत तिने उभे राहून अर्धे पान वाचले. 'बाळ' शब्दाला ती अडखळली. वर्गात कोणी हसले नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही, आणि तिने तो शब्द पुन्हा वाचला.